तुमच्या गावातली भुताची जागा कुठली? (गोष्ट लिहा, पण जागेसकट)

वेशीपलीकडे

भुताखेतांवरचे धागे इथे अधूनमधून निघतात आणि दर वेळी थोड्याच प्रतिसादांनंतर 'भूत असतं की नसतं' या वादात वाहून जातात. कृपा करून इथे तो वाद नको. मला गोष्टी हव्या आहेत आणि त्याही जागेसकट.

आपल्याकडचं भूत कधीच नुसतं भूत नसायचं. त्याला वय असायचं, जात असायची, मरणाचं कारण असायचं आणि पत्ता असायचा. अमक्या पिंपळावरचा मुंजा, तमक्या डोहातला गिऱ्हा, वाड्याच्या बळदावर राखण बसलेला समंध. मुंज होऊन सोडमुंजीच्या आत पोरगा गेला तर मुंजा. धनात जीव अडकला आणि पोटी मूल नाही असा माणूस गेला तर समंध. बाळंतीण गेली तर हडळ. सांगणाऱ्या म्हातारीला ती कुणाची कोण हेही बहुतेक वेळा ठाऊक असायचं.

आता कॉलेजातल्या पोरांना विचारा. सगळ्या राज्यात मिळून एकच बाई उरली आहे. पांढरी साडी, मोकळे केस, घाटातलं वळण, गाडीला दाखवलेला हात. तिला नाव नाही, गाव नाही, ती कशाने गेली हे कुणाला सांगता येत नाही. मला हे फार खुपतं. कारण भुताची जागा म्हणजे गावाने ध्यानात ठेवलेलं एखादं मरण असतं किंवा एखादा धोका, असं माझं ठाम मत आहे. दप्तरात त्याची नोंद सापडत नाही, गोष्टीत सापडते.

माझ्या आजोळचं सांगतो. देवळामागे पिंपळाचा पार होता आणि त्यावर मुंजा. तिन्हीसांजेनंतर पाराला पाठ टेकायची नाही, दहीभात खाऊन त्या बाजूला फिरकायचं नाही, हे आम्हा पोरांना पाठ. पाराच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला वीतभर दगड, त्याला गुंडाळलेलं जानवं पावसाने काळं पडलेलं, पुढ्यात खोबऱ्याची वाटी. आजी सांगायची की प्लेगात गाव सोडून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते तेव्हाचा हा पोरगा. त्याच वैशाखात मुंज झालेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो गावोगाव फिरत राहिला, हे पुस्तकात वाचलं होतं. पण आमच्या गावात प्लेग आला होता याची खूण म्हणून तो पारच तेवढा होता. रस्ता रुंद करताना पिंपळ गेला, पार गेला आणि गोष्टही गेली.

तर लिहा. जागा कुठली, कोण राहतं, कोणत्या वेळी जायचं नाही, काय टाळायचं, त्याला काय द्यायचं. आणि सांगितलं कुणी.

खाडीकाठ

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही सिंधुदुर्गातले, घर खाडीला लागून. त्यामुळे आमचा मान गिऱ्ह्याला. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो असं मानतात. रात्री पाग घेऊन मासे मारायला गेलेल्या माणसाला तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, 'हंयसर ये, हंय पाणी कमी आसा.' माणूस पुढे सरकतो आणि गळ्याएवढ्या पाण्यात जातो. म्हणून रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत लागोपाठ तीनदा हाक मारत नाही म्हणतात.

गिऱ्ह्याची जागा आमच्याकडे ठरलेली आहे. मळीचा पट्टा संपतो आणि खाडीचा मधला उंचवटा सुरू होतो तिथे. अमावास्या-पुनवेला तिकडे अजिबात जायचं नाही. मी मोठा झाल्यावर दिवसा, ओहोटीला, मुद्दाम ती जागा नीट बघून आलो. उंचवट्याच्या मागच्या अंगाला एक चर आहे. भरती आधी त्या चरीतून मागे शिरते आणि समोर बघत पाग टाकणाऱ्याला पायाखालची वाळू कोरडीच दिसते. परतायला वळेपर्यंत मागची वाट कमरेएवढी बुडालेली. अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि वेगाने चढतं. वेशीपलीकडे, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं ते यामुळे. भरतीचं कोष्टक हाती नसलेल्या माणसाला गिऱ्ह्याने वेळ आणि जागा दोन्ही अचूक सांगितली आहे.

सगळीच भुतं वाईट नसतात, हेही इथे लिहिलं पाहिजे. आमचा देवचार राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रात्री उशिरा एकटा माणूस पाणंदीतून येत असेल तर मागून काठीचा आवाज येत राहतो, घराच्या पायरीला पाय लागला की थांबतो. आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, भीती नाही का वाटत? ते म्हणाले, 'तेका भियाचा नाय, तो आपलोच आसा.' वर्षातून एकदा त्याची राखण द्यायची, नारळ, विडी, कोंबडा. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा सगळ्यांना माहीत असेल. भुतांचा राजा वेताळ तो हाच, पण तिथे तो गावाचा मालक आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फिरतो म्हणून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. माझी आई अजून त्याला विचारल्याशिवाय घरातलं मोठं काम काढत नाही.

सह्यभटका

चकव्याबद्दल कुणी लिहील म्हणून थांबलो होतो, आता मीच लिहितो.

घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत चकव्याच्या जागा ठरलेल्या असतात. सपाट सडा, सगळीकडे सारखंच कारवीचं रान, वर धुकं. माणूस तासन्‌तास चालतो आणि त्याच दगडापाशी येतो. उपाय दोन सांगतात. एक, खाली बसायचं, अंगातले कपडे उलटे करून घालायचे. दोन, तंबाखूची चिमूट काढून ठेवायची आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ साली यावर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला की त्यांची वाट वळत गेली, काही जण आपलीच वाट ओलांडून परत आले आणि त्यांना पत्ताही नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा तर माणसं वीस मीटर व्यासाच्या वर्तुळातसुद्धा फिरत राहिली. म्हणजे खूण नसेल तर माणूस गोल फिरतो आणि त्याला सरळ चालल्यासारखंच वाटतं.

आता उपायाकडे परत बघा. बसायचं, कपडे उतरवून पुन्हा घालायचे, तंबाखू काढायची. घाबरलेल्या माणसाला थांबवण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही. धुक्यात वाट चुकलात तर थांबा, हेच आम्ही ट्रेकला येणाऱ्या नव्या मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो आणि तरी कुणीतरी पुढे जातोच. आता मी चकव्याचं नाव घेऊन सांगतो. ऐकतात.

आणखी एक जागा म्हणजे उजेडाची रानं. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या फांद्या हिरवट उजळतात. त्या लाकडावर वाढणाऱ्या मायसीना जातीच्या बुरशीचा तो प्रकाश. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय दिसत नाही, बॅटरी लावली की नाहीसा होतो. ज्याने पहिल्यांदा एकट्याने तो बघितला त्याच्या पोटात काय गोळा आला असेल ते मी समजू शकतो. कृपा करून त्या फांद्या उचलून आणू नका.

जुनी_पेठ

पुण्याचं म्हणाल तर शनिवारवाडा सगळ्यांना पाठ आहे. पुनवेच्या रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं. पण धाग्याची अट पाळून जागेचं आणि मरणाचं नीट लिहितो.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगारासाठी गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. ते धावत रघुनाथरावांकडे गेले, त्यांना मिठी मारली आणि तिथेच सुमेरसिंग गारद्याने त्यांना मारलं. आनंदीबाईंच्या 'ध चा मा'ची गोष्ट यातलीच. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं, हेही सर्वांना माहीत आहे.

गोष्टीतून काय गळलं ते मला सांगायचं आहे. त्या दिवशी वाड्यात एकटे नारायणराव मारले गेले नाहीत. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर पडला, वार त्याने आपल्यावर घेतले आणि तोही तिथेच मेला. आणखी चाकरमाणसं कापली गेली. त्यांची हाक कुणाला ऐकू येत नाही. अडीचशे वर्षं आपण पेशव्याचं भूत सांगतो आणि जो वाचवायला धावला त्याचं नाव सांगत नाही. मी मुलांना वाडा दाखवायला नेतो तेव्हा चाफाजीची गोष्ट आधी सांगतो. आणि तिथे उभं राहून हेही सांगतो की १८२८च्या आगीत आतले महाल जळून गेले, आज दिसतात ती जोती, तट आणि दरवाजे.

मधली_आळी

जुनी_पेठ, मस्त लिहिलंत, चाफाजीचं माहीत नव्हतं. एक शंका. राजस्थानातल्या भानगढला पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे ना, सूर्यास्तानंतर प्रवेश बंद? म्हणजे सरकारनेच मान्य केलंय असं म्हणतात.

जुनी_पेठ

बोर्ड आहे. पण संरक्षित स्मारकं सूर्यास्तानंतर बंद ठेवण्याचा नियमच आहे, देशभर. शनिवारवाडाही त्याच खात्याकडे आहे. बोर्डावर भुताचा उल्लेख नाही.

रानजाई

मी आरोग्य खात्यात नर्स होते, बरीचशी नोकरी डोंगरी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. हडळीबद्दल लिहायचं आहे आणि ते जरा कडू लागेल.

मूळ धाग्यात एका ओळीत आलंय, 'बाळंतीण गेली तर हडळ.' त्या ओळीपाशी थोडं थांबा. समोरून देखणी, पाठीमागून नुसता सापळा, पावलं उलटी. नदीकाठी, विहिरीपाशी, चिंचेखाली राहते. लहान मुलांना आणि ओल्या बाळंतिणींना धरते. गावोगाव हडळीच्या जागा का आहेत? कारण गावोगाव बाळंतिणी मरत होत्या. रक्तस्राव, झटके, अडलेलं मूल, ताप. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मरणाऱ्या मातांचा आकडा २०१८-२० च्या पाहणीत ३३ होता, देशाचा ९७. आपल्या पणज्यांच्या काळी तो हजारांत होता. प्रत्येक आळीत अशी एक तरी मयत झालेली असणार.

आणि तिच्यासाठी विधी काय होते? प्रेत नेताना वाटेवर राळे नाहीतर मोहऱ्या पसरायच्या, म्हणजे ती वेचत बसेल आणि घर गाठायच्या आत उजाडेल. उंबऱ्यात खिळे ठोकायचे. मी हे पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सुईणीकडून ऐकलं. ती सांगत होती आणि तिचे हात मांडीवर गच्च मिटलेले होते. ज्या बाईला जिवंतपणी वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही, ती लेकराच्या ओढीने परत येईल या भीतीने तिच्याच घराच्या उंबऱ्यात खिळे. हडळ मुलांना का धरते याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. तिचं मूल घरात होतं.

पण गोष्टी जपायच्या म्हणताना एक गोष्ट ठामपणे सांगते, धाग्याचा सूर बिघडला तरी चालेल. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एखादी बाई एकाएकी झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, मूल आपलं नाहीच म्हणू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली तर ते लागिर नव्हे. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा तो गंभीर मानसिक आजार आहे, औषधांनी बरा होतो आणि उशीर झाला तर आईचा किंवा बाळाचा जीव जातो. भगताकडे नेलेल्या अशा मुली मी बघितल्या आहेत. मिरच्यांची धुरी दिलेल्या, साखळीने बांधलेल्या. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा, मराठीत बोलतात.

सडा_आणि_साकव

रानजाईताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या वाडीतली चिंचेखालची जी, ती माझ्या आत्याची जाऊ. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कायद्याची माहिती जोडतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, दोरीने किंवा साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे सगळे गुन्हे आहेत. एखादीला डाकीण ठरवून छळणंही त्यातच येतं. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गोष्ट सांगणं हा मात्र गुन्हा नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण काही लोक त्या कायद्याचं नाव घेऊन जत्रा-गाऱ्हाण्यांबद्दल उगाच घाबरवतात.

वेशीपलीकडे

रानजाई, मनापासून आभार. मी एका ओळीत उरकलं होतं ते तुम्ही उलगडून दाखवलंत.

थोडा इतिहास सांगतो. कोकणातल्या भुतांची जी मोठी यादी आज सगळीकडे फिरते, ती मुळात प्राथमिक शाळांच्या मास्तरांनी लिहून दिली आहे. जॅक्सन नावाचे इंग्रज अधिकारी होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच नाशिकचे कलेक्टर. संस्कृतचे अभ्यासक होते आणि लोकसमजुती गोळा करत होते. शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या गेल्या होत्या, गावात कोणती भुतं मानतात, कुठे राहतात, कशी घालवतात. त्यांच्या पश्चात एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ती सामग्री संकलित केली आणि कोकणचा भाग १९१५ साली छापून आला. त्यात माहितीच्या पुढे लिहिलेलं असतं, अमुक गावचा शाळामास्तर. मास्तरचं नाव नाही पण गाव आहे. शंभराहून अधिक वर्षांनी आज ती नोंद कामाला येते ती त्या गावाच्या नावामुळे. म्हणून मी या धाग्यावर जागेसाठी हट्ट धरला आहे.

ती यादी वाचताना अंगावर काटा येतो, पण भुतांमुळे नव्हे. मेल्यावरही जात सुटत नाही. ब्राह्मणाचं पोर मुंजा होतं, खवीस होतो महार-मांगांपैकी कुणी मेल्यावर, देवचार शूद्राचा, कोळी-खारव्यांचं भूत वेगळं. बाईच्या बाबतीत तर ती सवाशीण होती की विधवा यावर तिच्या भुताचं नाव ठरतं. आणि खवीस सगळ्यात क्रूर, सगळ्यात हट्टी, उतरवायला सगळ्यात अवघड. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्याबद्दलची गावाच्या मनातली धास्तीच त्यात उतरली आहे. मला वाटतं की आपण गोष्टी गोळा करताना हा भाग गाळू नये. गोड गोड करून सांगितली तर गोष्ट खोटी होईल.

बारवेचा_कट्टा

मराठवाड्यातून. आमच्याकडे पाणी म्हटलं की साती आसरा, म्हणजे सात जलदेवता. विहिरीच्या आत कोनाड्यात सात दगड, शेंदूर, हिरवं खणाचं कापड. त्यांना विचारल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही. पण एक पडीक विहीर अशी आहे की तिच्याबद्दल सांगतात, ती माणूस घेते. एक घेतला की दुसरा मागते.

ही 'दुसरा मागते' गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती, म्हणून विहिरींची कामं करणाऱ्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, गाळ कुजलेल्या बंद विहिरीत तळाला ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, कधी विषारी वायूही असतो. मोटर बसवायला किंवा गाळ काढायला उतरलेला माणूस अर्ध्या मिनिटात कोसळतो. वरचा बघतो, भाऊ पडला, तो काहीच विचार न करता उतरतो आणि तोही पडतो. उन्हाळ्यात अशा बातम्या दरवर्षी येतात आणि जवळजवळ प्रत्येक बातमीत वाचवायला गेलेलाच दुसरा असतो.

आधी कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. विझला तर उतरायचं नाही. पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं धरू नका, विषारी वायू ज्योतीला कळत नाही आणि पेट घेणारा वायू असेल तर भडका उडतो. कुणी खाली पडलाच तर स्वतः उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. आमच्या विहिरीची गोष्ट मी भाच्यांना सांगतो तेव्हा 'दुसरा मागते' हे वाक्य जसंच्या तसं ठेवतो.

रामेश्वराची_पेठ

सगळ्या गावालाच भुताची जागा मानतात अशी आमच्याकडची रीत, गावपळण. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांची प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवताचा कौल घेतात आणि कौल झाला की तीन दिवस तीन रात्री सगळं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. माळावर, खाडीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या. घरात दिवा नाही, चूल नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, तो मिळाला की परत.

गावात भुताखेतांचा वावर वाढतो, देव या तीन दिवसांत त्यांचा बंदोबस्त करतो, असं जुनी माणसं सांगतात. शहरात शिकलेले म्हणतात की साथरोग टाळायला पूर्वजांनी काढलेली युक्ती. प्लेगचं वाचून मलाही वाटलं की दोन्हींचा कुठेतरी संबंध असेल. पण मी तिथे राहिलो आहे म्हणून सांगतो, कारण काहीही असो, त्या तीन रात्री फार सुंदर असतात. एरवी बांधावरून भांडणारी घरं एका रांगेत चुली मांडतात. मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात. भजनं, फुगड्या, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. आणि शेजारच्या गावची माणसं विचारपूस करायला येतात, मासळी देऊन जातात. सीमेवर उभं राहून आपलंच गाव काळोखात बुडालेलं बघताना छातीत धडधडतं, हे खरं. मी ऐकलेल्या भुताच्या निम्म्याहून जास्त गोष्टी त्या माळावरच्या.

पळसवाडी

विदर्भातला, जंगलाला लागून गाव. आमच्याकडे वाघाने मारलेल्या माणसाची जागा असते. जिथे माणूस सापडला तिथे दगड रचतात आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण एक दगड किंवा हिरवी डहाळी टाकून पुढे जातो. टाकली नाही तर तो मागे लागतो म्हणतात. मोहाची फुलं वेचायला बाया पहाटे जातात, त्यांना हे ढीग तोंडपाठ.

ढिगावरची डहाळी हिरवी असेल तर आज कुणीतरी पुढे गेलं आहे, वाट चालती आहे. सुकलेली असेल तर कित्येक दिवस कुणी गेलेलं नाही, मग बाया थांबून दुसऱ्या चौघींची वाट बघतात. हे मला वनखात्याच्या कुणी सांगितलं नाही, माझ्या काकूने सांगितलं.

मधली_आळी

वेशीपलीकडे, एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीत एका बंद घराची गोष्ट आहे. पण ज्या मुलीबद्दल ती सांगतात तिचे भाऊ-भावजया अजून शेजारीच राहतात. ती गेल्याला फार वर्षं झालेली नाहीत. लिहायची का?

वेशीपलीकडे

नका लिहू. बरं झालं विचारलंत, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

ज्या मरणाची माणसं अजून हयात आहेत ते आपल्यासाठी लोककथा नव्हे, त्यांच्या घरातलं दुःख आहे. आत्महत्या, हुंडाबळी, अपघात, अशा ताज्या मरणांवर 'भुताचं घर' असा शिक्का बसला की त्या कुटुंबाचं जगणं अवघड होतं, घर विकलं जात नाही, मुलींची लग्नं अडतात. गल्लीत कुणी ती गोष्ट रंगवून सांगत असेल तर त्याला थांबवा.

बाकीच्यांसाठीही: तालुका लिहा, जागेची खूण लिहा (साकव, पार, बारव, घाटातली खिंड), पण घराण्याचं नाव नको. सांगणाऱ्याचं वय आणि नातं पुरे. भाषा बदलू नका, आजी मालवणीत किंवा अहिराणीत बोलली असेल तर वाक्यं तशीच ठेवा. जमलं तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा, त्यांना विचारूनच, आणि एका जागेची गोष्ट दोन वेगवेगळ्या आळ्यांतल्या माणसांकडून ऐका. आमच्या मुंज्याची गोष्ट मी फक्त आजीकडून ऐकली. पाराच्या खालच्या अंगाला मांगवाडा होता, तिथे त्याच पिंपळाबद्दल काय सांगायचे ते विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

सडा_आणि_साकव

आईकडून घेऊन लिहितो, तुमच्या पद्धतीने.

जागा: चिंचेचं झाड, पाणवठ्याच्या वाटेवर, राजापूर तालुका. सांगणारी: आई, वय ७४. कधी जायचं नाही: भर दुपारी आणि दिवेलागणीला, विशेषतः तान्हं मूल कडेवर असताना. काय द्यायचं: पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी तिथे हिरव्या बांगड्या आणि कुंकू ठेवते. आई म्हणाली, 'ती आमच्या वाटेला गेली नाही कधी. आम्हीच तिच्या वाटेने जात होतो ना.' चिंच अजून उभी आहे. पुढच्या रविवारी मी आईला घेऊन तिथे जाणार आहे, ती बांगड्या घेऊन ठेवते आहे.